भिंत आपली, तोफ कुणाची?

पायाखालचा खडक ओला आहे. तासाभरात तो पुन्हा पाण्याखाली जाणार, तेव्हा हातात येईल ते काम घ्या.

तुम्ही कुरटे बेटाच्या पश्चिम अंगाला उभे आहात. शके १५८६, पौष शुद्ध द्वितीया. पंधरवड्यापूर्वी, मार्गशीर्ष वद्य द्वितीयेला, म्हणजे २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, पलीकडे मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली आणि या सिंधुदुर्ग किल्ल्याचा पाया घातला गेला. पूजेची गर्दी आता पांगली आहे. बेटावर उरलेत ते पाथरवट, लोहार, भंडारी, गाबीत, कोळी आणि डोक्यावर पाट्या घेतलेले मजूर. बखरी तीन हजार माणसांचा आकडा सांगतात. मोजायला सवड नाही, पण बेटाच्या कडेने नजर फिरवलीत तर आकडा खोटा वाटत नाही.

"रे झिला, थंय उबो रवान काय बगतंस? फुडे ये!"

हाक तुम्हालाच आहे. एक म्हातारा लोहार हातात चिंधी कोंबतो आणि खडकात खणलेल्या खोबणीकडे बोट दाखवतो. टीचभर रुंद, वीतभर खोल. आत समुद्राचं पाणी साचलंय. तुम्ही ते टिपून काढता. तो बघतो, मान हलवतो. पुन्हा टिपता. मग तो भट्टीतली तापलेली सळई उचलतो आणि खोबणीत फिरवतो. चर्रर्र आवाज येतो, वाफ निघते. वाफ निघायची थांबेपर्यंत तो सळई फिरवत राहतो. शेजारी कढईत शिसं वितळलंय, वर राखाडी साय धरलेलं. पळीने साय बाजूला सारली की खाली चांदीसारखी झळाळी दिसते.

"वल रवली तर उसळतला," तो सांगतो आणि आपल्या हातावरचे पांढरे डाग दाखवतो. ओल्या खोबणीत वितळलेलं शिसं पडलं की पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि ती धातू उधळून देते. ज्याच्या हातावर असे डाग आहेत, त्याच्याकडून हे शिकायचं. कोणत्याही कागदावर ते लिहिलेलं नाही.

मग तो ओततो. शिसं खोबणीत पसरतं, दगडाच्या बुडाशी जातं, थिजतं. वर घडीव चिरा बसतो. शिसं निवडण्यात शहाणपण आहे. लाकडाच्या भट्टीत ते सहज वितळतं, खाऱ्या पाण्यात लोखंडासारखं गंजत नाही आणि मऊ असल्यामुळे लाटेचा दणका बसला तर तडकण्याऐवजी किंचित दबतं. या किल्ल्याच्या पायात पाच खंडी शिसं ओतल्याची आठवण मालवण अजून सांगतं.

हे शिसं कुठून आलं, हेही विचारून घ्या. पश्चिम किनाऱ्यावर शिसं विकणारे मुख्यतः टोपीकर, युरोपी जहाजांतून ते बंदरात उतरतं. शिवाजी महाराजांनी ते विकत घेतलं. पैसे मोजायला अडचण नव्हती, याच वर्षीच्या जानेवारीत सुरत लुटली गेली होती. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. आपलं ते सगळं आपणच बनवायचं, असा हट्ट इथे कुणी धरलेला नाही. शिसं बाजारात मिळतं, एकाने नाही दिलं तर दुसरा देतो. ते कुठे, किती, कधी ओतायचं हे मात्र म्हाताऱ्याच्या हातात आहे, आणि म्हातारा इथलाच आहे.

पाणी चढायला लागलं. घोट्याला लागतं, मग पोटरीला. कुणीतरी शंख फुंकतो आणि अख्खी रांग वर सरकते. तुमच्या मनगटावरचं घड्याळ सकाळचे सव्वाआठ दाखवतंय. ओहोटी केव्हा संपणार हे या सगळ्यांना घड्याळाशिवाय कसं कळलं? जवळच्या तांडेलाला विचारा. तो तुमच्या प्रश्नानेच चकित होईल. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ साधारण मिळते. आज द्वितीया. दोनची पाऊणपट दीड. आजच्या घड्याळात दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे सकाळी साडेसातला पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा. रोज पाऊण तास पुढे. कोकणच्या किनाऱ्यावर हे गणित पोरासोरांना येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी चढतंही फार आणि उतरतंही फार. एरवी कधीच उघडा न पडणारा खडक त्या दोन-तीन दिवसांत हाताला लागतो. पाया घातला गेला तीही द्वितीयाच होती, पौर्णिमेनंतरची. मुहूर्त काढणाऱ्यांनी पंचांगात काय पाहिलं ते मला ठाऊक नाही, पण पाथरवटांच्या सोयीचा याहून चांगला दिवस त्या महिन्यात सापडला नसता.

दिवस वर चढला की मालवणच्या किनाऱ्यावर या. होडीने पाव-अर्ध्या मैलाची ओलांडणी आहे, पण तांडेल सरळ जात नाही. डावीकडे वळतो, पुन्हा उजवीकडे, मध्येच वल्हं थांबवून पाण्याच्या रंगाकडे बघतो. खाली सगळीकडे खडक आहेत, पाण्यापासून वीत-दोन वीत खाली दडलेले. परक्या जहाजाला ते दिसत नाहीत, दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो. किल्ल्याची पहिली तटबंदी ही, निसर्गाने घातलेली, आणि तिच्या किल्ल्या कोळ्यांच्या डोक्यात. जागा हेरताना महाराजांनी नेमका हाच जाणता माणूस धरला. जागा दाखवणाऱ्या कोळ्यांना इनामं मिळाल्याचं परंपरा सांगते.

किनाऱ्यावर चुन्याच्या भट्ट्या धगधगताहेत. शिंपल्यांचे ढीग रचलेत. समुद्राच्याच शिंपल्यांचा चुना भाजायचा, भिजवून विरवायचा, मग घाणीत वाळूबरोबर मळायचा. बैल गोल फिरतोय, दगडी चाक चरातून घरघरत जातंय. हा चुना हवेत सुकून घट्ट होतो, खाऱ्या पाण्याखाली त्याला तसं धरता येत नाही. म्हणून खालचे थर वजनाने, जोडाने आणि शिशाने उभे, वरचे चुन्याने. काम दोन भागांत का वाटलंय, ते इथे समजतं. मुरूडजवळच्या पद्मदुर्गावर कधी गेलात तर तटाचे दगड निरखून बघा. खाऱ्या वाऱ्याने दगड पोखरून निघालेत आणि त्यांच्यामधला चुना कडा काढून तसाच उभा आहे.

गोव्याहून काही पोर्तुगीज कारागीर या कामावर आणले होते, असंही सांगतात. असतीलही. तुम्हाला एखादा टोपीवाला चिरे मोजताना दिसला तर दचकू नका. आज रात्री तो निघून गेला तर उद्या सकाळच्या ओहोटीला काम थांबेल का, एवढंच बघायचं.

हा प्रश्न आला कुठून, ते पाहायला पाच वर्षं मागे आणि बरंच उत्तरेला चला.

१६५९. कल्याणची खाडी. दोन वर्षांपूर्वी कल्याण-भिवंडी हाती आली आणि त्याबरोबर शिवाजीराजांना समुद्र मिळाला. डोंगरातल्या राज्याला आता जहाजं हवीत. समोर जंजिऱ्याचा सिद्दी आहे, वसईला आणि गोव्याला पोर्तुगीज आहेत, आणि ते म्हणतात समुद्र आमचा, आमचा परवाना घेतल्याशिवाय तारू हाकायचं नाही. दक्षिणेला वेंगुर्ल्यात डचांची वखार आहे, राजापुरात इंग्रजांची. खाडीकाठी वीस लढाऊ नावांचं काम काढलंय. ते बांधून घेण्यासाठी रुई लैतांव व्हिएगश नावाच्या पोर्तुगीजाला नोकरीवर ठेवलंय. त्याच्याबरोबर त्याची माणसं, बायकापोरं, नोकरचाकर धरून तीन-साडेतीनशे जण आहेत.

तुम्ही चिखलात उभे आहात. सागवानी फळ्यांचा वास येतोय. एका नावेचं पठाण, म्हणजे तळाचं मुख्य लाकूड, टेकूंवर चढवलंय, त्याला दोन्ही अंगांनी वाक लावलेत. दिवसभर व्हिएगशची माणसं सांगतात, आपले सुतार करतात. आपल्या सुतारांना नाव बांधायला शिकवावी लागत नाही, या खाड्यांतून तारवं पिढ्यान्पिढ्या बांधली जाताहेत. पण लढाऊ नाव वेगळी. तोफेचा भार कुठे पेलायचा, ती डागल्यावर मागे येणारा धक्का कोणत्या लाकडाने सोसायचा, डेक किती उंच ठेवायचा, हे ते शिकताहेत. तुमच्या शेजारचा सुतार दोरीला गाठी मारतोय. पोर्तुगीज मिस्त्रीने जे माप घेतलं, तेवढ्यावर एक गाठ. त्याची दोरी म्हणजे त्याची वही.

मग एके दिवशी खाडीकाठ रिकामा होतो. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने व्हिएगशला निरोप पाठवला आहे: या नावा आज सिद्दीवर जातील, उद्या आपल्यावर येतील. तो आपल्या सगळ्या माणसांनिशी गुपचूप पसार झाला. नावा अर्ध्यामुर्ध्या उभ्या, हत्यारं पडलेली.

आता त्या सुताराकडे बघा. तो दोरी काढतो. पहिली गाठ धरतो, लाकडावर टेकवतो.

आपल्या इतिहासात तलवारीच्या प्रसंगांची चित्रं झाली, पोवाडे झाले. मला वाटतं, या प्रसंगाचंही एखादं मोठं चित्र कुठल्यातरी शाळेच्या भिंतीवर असावं. नावा पुऱ्या झाल्या. आरमार उभं राहिलं. व्हिएगशला नोकरीवर ठेवणं ही चूक नव्हती, त्याच्याकडून शिकण्यासारखं होतं. तो असताना शिकून घेतलं, म्हणून तो गेल्यावर निभावलं.

परत मालवणला या. फेब्रुवारी १६६५. पाया घालून तीन महिनेही झालेले नाहीत. बंदर शिडांनी भरलंय. पंच्याऐंशी गलबतं आणि तीन मोठी जहाजं. महाराज स्वतः जहाजावर चढताहेत, बसरूरच्या स्वारीला निघालेत, थेट कानडी मुलखात. सहा वर्षांपूर्वी ज्यांचे मिस्त्री पळून गेले, त्यांचा हा ताफा.

एका गलबतावर चढा. चाळीस-पन्नास वल्हेकरी दोन्ही अंगांना बसलेत. तळ उथळ आहे, त्यामुळे ते कोणत्याही खाडीत शिरेल आणि पाठलाग करणारं मोठं जहाज तोंडाशीच अडकेल. फळ्यांच्या सांध्यांत काथ्या आणि राळ ठासलीय. बाहेरून मुशीच्या काळजाचं तेल चोपडलंय, त्याचा उग्र वास दिवसभर तुमच्या कपड्यांना राहील. किडा लाकूड पोखरू नये म्हणून ते तेल. वारा पडला की ही गलबतं दोर बांधून गुराबांना, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांना, ओढतात. त्या वेळी समोरचं युरोपी जहाज शिडं लोंबकळत एका जागी उभं असतं आणि गुराब त्याच्या मागच्या अंगाला, जिथे तोफा कमी, तिथे येऊन ठाकते. तांत्रिक श्रेष्ठता म्हणजे मोठं जहाज असा समज असेल तर तो इथे, या वल्हेकऱ्यांमध्ये बसून सोडा. या किनाऱ्याला, या वाऱ्याला, या खाड्यांना जे जुळतं ते इथे श्रेष्ठ ठरतं.

आता गुराबेच्या नाळेकडे जा. तिथे तोंड पुढे करून तोफा बसवल्यात. एका तोफेवर हात ठेवा. धातू उन्हाने तापलाय. खाली वाका आणि तिच्या कानाजवळ काही खूण दिसते का ते बघा.

गोलंदाज तुमच्याकडे रोखून बघतो. तोफ चालवणारा तो आपला आहे. ओतणारा कोण? या किनाऱ्यावरच्या चांगल्या तोफा पुष्कळदा टोपीकरांकडून विकत घेतलेल्या असतात, नाहीतर त्यांच्याकडून पाडाव केलेल्या. आणि तोफ शिशासारखी नव्हे. ती हवी तेव्हा, हवी तेवढी, हव्या त्या मापाची मिळत नाही. विकणारा आधी विचार करतो की ही कुणावर डागली जाईल. जंजिऱ्यासाठी तोफा आणि कुलपी गोळे मागितले तेव्हा इंग्रज वर्षानुवर्षं टोलवत राहिले. आणि १६६० साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा हेच राजापूरकर इंग्रज आपलं निशाण फडकावत तोफ घेऊन पन्हाळ्याखाली हजर झाले होते. त्याचं उत्तर महाराजांनी दुसऱ्या वर्षी राजापूरची वखार लुटून दिलं. पण वखार लुटून तोफ ओतण्याची विद्या हाती येत नाही.

ही एक गोष्ट मनात ठेवा आणि पुढे चला, कारण पुढचा काळ वेगाने जातो.

जून १६६५. पुरंदरचा तह. तेवीस किल्ले गेले. मालवणचं काम चालू आहे. पावसाळा आला, समुद्र खवळला, भट्ट्या विझल्या, गलबतं खाडीत ओढून घेतली. पावसाळा सरल्यावर पुन्हा शंख, पुन्हा ओहोटी. मे १६६६. बातमी येते: राजे आग्र्यात अडकले. या महिन्यांत बेटावर राहून बघा. धनी परमुलखात कैदेत आहे, परत येईल की नाही याची शाश्वती नाही, आणि तरी कारखाना बंद पडत नाही. हिशेब होतो, धान्य येतं, चिरे होड्यांतून उतरतात. कामाची देखरेख हिरोजी इंदुलकरांकडे होती असं परंपरा सांगते. देखरेख कुणाचीही असो, रोज सकाळी "आज काय करायचं" हे विचारायला कुणाला राजगडाकडे धावावं लागत नव्हतं. परक्या कारागिरावाचून काम चालणं ही स्वावलंबनाची एक पायरी झाली. खुद्द राजावाचून काम चालणं ही त्याच्याही पुढची, आणि ती आपल्याकडे फार थोड्यांना साधली.

याच दिवसांत तहान लागली तर बेटावरच पाणी प्या. चहूकडे खारं पाणी असलेल्या अठ्ठेचाळीस एकरांत तीन गोड्या विहिरी आहेत: दूध बाव, दही बाव, साखर बाव. कोकणचा पाऊस बेटात मुरतो आणि गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. विहीर फार खोल नेली किंवा एकदम फार उपसली तर खालचं खारं वर चढेल. किती खणायचं आणि कुठे थांबायचं, हे खणणाऱ्याला कळलं होतं. आजही त्या गोड आहेत.

१६६७ साली काम पुरं झालं. तट तीस फूट उंच, बारा फूट जाड, बेटाच्या कडेच्या वळणांप्रमाणे नागमोडी फिरलेला. दरवाजा असा वळणात घातलाय की समुद्रातून येणाऱ्याला तो दिसत नाही, भिंतच दिसते.

आता शंभर वर्षं ओलांडून विजयदुर्गाच्या मागे, वाघोटण खाडीच्या काठी गिर्ये गावाजवळ उतरा. खडक फोडून केलेली गोदी आहे, साडेतीनशे फूट लांब. भरतीला जहाज आत घ्यायचं, तोंड बंद करायचं, दुरुस्ती करायची. पेशव्यांच्या आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांच्या घराण्याची ही जागा. १७८३ च्या एप्रिलमध्ये धुळपांनी इंग्रजांचं रेंजर जहाज रत्नागिरीजवळ लढून पकडलं आणि विजयदुर्गाला आणलं. गोदीतले सुतार त्या जहाजावर किती बारकाईने फिरले असतील, याची कल्पना करा.

पण खाडीच्या तोंडाकडे बघितलंत तर तिथे १७५६ ची राख आहे, पाण्याखाली. त्या फेब्रुवारीत इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आले. त्यांच्या तोफेचा एक गोळा पेट घेऊन तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्यात पडला. एका नावेवरून आग दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. कान्होजी आंग्र्यांपासून उभं केलेलं आरमार त्या आगीत जळून गेलं. इंग्रजांना जमिनीवरून साथ होती पेशव्यांची. हे लिहिताना अजूनही हात थांबतो. किल्ल्यात दोनशेच्या वर तोफा सापडल्या, म्हणजे तोफा कमी नव्हत्या. कमी पडला तो त्यांचा पल्ला, बारूद, नेम, एकाच मापाच्या तोफा एकसारख्या ओतणारे कारखाने. जहाजात आपण त्यांच्या बरोबरीला होतो, आपल्या पाण्यात वरचढही होतो. तोफेत नव्हतो, आणि शंभर वर्षांत ते अंतर कमी करण्याचं काम कुणी हाती घेऊन तडीला नेलं नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांपासून सावध राहा हे स्पष्ट सांगितलंय. आरमारासाठी लाकूड कसं आणायचं, रयतेच्या आंब्या-फणसाला तिच्या संमतीवाचून हात लावायचा नाही, हेही सांगितलंय. जहाजासाठी झाड वाढायला किती वर्षं लागतात याचा विचार करणारं ते राज्य होतं. तोफेसाठी तेवढाच लांबचा विचार झाला असता तर, हा प्रश्न गिर्येच्या गोदीत उभं राहिलं की टाळता येत नाही.

भिंतीचं मात्र वेगळं झालं. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. ठेवणं परवडेना. पाडायचा तर बांधकाम इतकं भक्कम की पाडण्याचा खर्चही परवडेना. वर्षभरात पैसे घेऊन आणि अटी घालून कोल्हापूरच्या राणी जिजाबाईंना परत दिला. १८१२ मध्ये तो शेवटी इंग्रजांकडे गेला तो तहाने, तट फोडून नव्हे.

आता एक मोठी उडी. २ सप्टेंबर २०२२, कोची. विक्रांत ही विमानवाहू नौका नौदलात दाखल होतेय. निशाण बदललंय, त्यावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आहे. टाळ्या चालू असताना तुम्ही हात जहाजाच्या पोलादावर ठेवा, मालवणला तोफेवर ठेवला होता तसा. या जहाजाचं पोलाद रशियाकडून यायचं होतं. ते मिळेना. तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेने आणि स्टील अथॉरिटीने मिळून ते इथेच तयार केलं. पुढे तेच पोलाद इतर युद्धनौकांनाही वापरलं गेलं. कल्याणच्या खाडीतला सुतार दोरी घेऊन इथेही हजर होता, असंच मला वाटतं. आणि खाली इंजिनघरात उतरलात तर चार गॅस टर्बाइन आहेत. त्यांची मूळ बनावट अमेरिकेची, जनरल इलेक्ट्रिकची.

नौदल आपल्या जहाजांतला देशी वाटा तीन भागांत मोजतं: जहाज तरंगतं कशाने, चालतं कशाने, लढतं कशाने. तरंगण्याच्या भागात आपण जवळजवळ पूर्ण स्वतःच्या पायावर आहोत. चालण्यात आणि लढण्यात अजून पुष्कळ वाट बाकी आहे. नौदलाचे अधिकारी हे उघडपणे सांगतात, ही मला आश्वासक गोष्ट वाटते. ज्याने उणीव मोजायला घेतली, तो ती भरून काढू शकतो.

शेवटी मालवणच्या जेटीवर या, आजच्या. जवळच राजकोट किल्ला. तिथे ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. तेव्हा ज्यांच्या घशाखाली घास उतरला नाही, अशी माणसं या गावात अजून भेटतील. जेटीवरून समोरच्या बेटाचा तट दिसतो.

किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आता बहुतेक फायबरच्या. फायबरचा साचा काढून होड्या बांधणारी माणसं इथल्या किनाऱ्यावरच आहेत, कापड-राळेचं प्रमाण त्यांना पाठ आहे. होडीच्या मागे लटकलेलं इंजिन मात्र पुष्कळदा परदेशी. एका होडीचं इंजिन उघडून ठेवलंय. पस्तिशीचा मेकॅनिक फळीवर बसून सुटे भाग गोणपाटावर मांडतोय. एक भाग झिजलाय. नवा मागवला तर येईपर्यंत हंगामाचे पंधरा दिवस जातील, किंमतही अंगावर येणारी.

"मग काय करणार?" तुम्ही विचारता.

"ह्यो बुश ना? कुडाळाक लेथवर करून घेतंय. उद्याक होतलो." तो दुसरा भाग उचलतो, तळहातावर वजन करून बघतो. "ह्यो पंखोपण आमी ओतून बगलो. पयलो वायच जड झालो, दुसरो बरो चलता हा."

"आणि हा?"

तुम्ही इंजिनाच्या बाजूच्या छोट्या काळ्या डबीकडे बोट दाखवता, जिच्यातून तारा निघतात.

तो ती डबी उलटी करतो. आतलं सगळं काळ्या राळेत बुडवून बंद केलंय.

"ह्या अजून उगडूक जमाक नाय," तो म्हणतो. "दोन फोडलंय. तिसरी बिगडलेली एकान देवची कबूल केली हा."